आकाशातून दिसते, पायांनी कळते

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले, की शहराच्या उत्तरेला भनपुरी येते. कारखान्यांच्या शेडी, गोदामे, उभ्या मालमोटारी आणि त्यांच्या आजूबाजूला वाढत गेलेल्या कामगारांच्या वस्त्या. इथून पुढे बीरगाव, उरला आणि सिलतरा हा सगळा पट्टा कारखान्यांचा, त्यातही लोखंड-पोलादाचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूर परिसरात मराठी घरे आहेत. पुढे रेल्वे, सरकारी नोकरी आणि कारखाने यांच्या निमित्ताने विदर्भातून आलेली कुटुंबेही इथलीच होऊन गेली. अशा घरांत बारावीच्या निकालानंतर जी चर्चा होते, ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरातल्यासारखीच असते. मुलाला पॉलिटेक्निकला घालावे, की बी.कॉम. करू द्यावे? मुलीला बी.एड.कडे वळवावे, की बँकेच्या परीक्षांना बसवावे?

या चर्चेत आता दोन नवी नावे ऐकू येतात. एक 'रिमोट सेन्सिंग', म्हणजे सुदूर संवेदन. दुसरे 'जीआयएस', म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. भूगोल घेऊन पदवी करणारा मुलगा घरी सांगतो, की पुढे याच विषयात शिकायचे आहे. वडील विचारतात, "भूगोल शिकून मास्तरकीशिवाय दुसरे काय करता येते?" आई विचारते, "उपग्रहाचे काम म्हणजे तू रायपूर सोडून श्रीहरिकोट्याला जाणार का रे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यापूर्वी हा विषय नेमका काय आहे, हे समजून घ्यायला हवे. आणि ते समजून घ्यायला भनपुरीसारखी दुसरी चांगली जागा शोधावी लागणार नाही.

चित्र बनते कसे?

सुदूर संवेदन म्हणजे एखाद्या वस्तूला हात न लावता, दुरूनच तिची माहिती मिळवणे. उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि जमिनीवरून परत येणारा प्रकाश मोजतो. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे जे अवरक्त किरण असतात, तेही तो टिपतो. सगळी गंमत या अवरक्त किरणांत आहे. हिरवे, निरोगी पान हे किरण मोठ्या प्रमाणावर परत फेकते. पाणी ते जवळजवळ सगळे गिळून टाकते. म्हणून उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रात शेते आणि झाडे लालभडक दिसतात, तर तळे काळे दिसते. हे रंग खरे नसतात. न दिसणारी गोष्ट दाखवण्यासाठी ते मुद्दाम दिलेले असतात.

भारतात या शास्त्राची सुरुवात नारळाच्या झाडांपासून झाली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या मुळांना कीड-कूज लागल्यासारखा एक रोग पसरला होता. प्रा. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांच्या बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी आणि रोगट माड त्यात वेगवेगळ्या छटांत उमटले. पिशारोटी यांना भारतीय सुदूर संवेदनाचे जनक मानले जाते. पुढे १९७९ साली 'भास्कर' हा प्रायोगिक उपग्रह गेला आणि १७ मार्च १९८८ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातील बैकानूर येथून 'आयआरएस-१ए' हा आपला पहिला पूर्ण कामाचा सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात पोचला.

एका गुंठ्याचा ठिपका

उपग्रहाचे चित्र म्हणजे लहान लहान चौकोनी ठिपक्यांची रांगोळी असते. एका ठिपक्याला एकच रंग. त्या ठिपक्याच्या आत काय काय आहे, ते चित्राला वेगवेगळे सांगता येत नाही. 'आयआरएस-१ए'च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद होता. आपल्या हिशेबात सांगायचे तर साधारण १ एकर १२ गुंठे. म्हणजे एकरभर शेत, त्याचा बांध, बांधावरचे आंब्याचे झाड आणि कोपऱ्यातली विहीर, सगळे मिळून एक ठिपका! त्याच उपग्रहाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका १३ गुंठ्यांचा होता.

आज युरोपीय अवकाश संस्थेच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यांचा ठिपका १० मीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. आणि हे उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेचे चित्र घेतात. २००५ साली गेलेल्या आपल्या 'कार्टोसॅट-१'चा ठिपका अडीच मीटरचा होता, तर २०१९ मधील 'कार्टोसॅट-३'ची दृष्टी पाव मीटरच्या आसपास पोचली. दोन पिढ्यांत एकरावरून फरशीच्या तुकड्यापर्यंत ही मजल गेली आहे.

साहजिकच वाटेल, की आता जमिनीवर जाऊन पाहायचे कारणच काय? इथेच विद्यार्थ्याची खरी परीक्षा सुरू होते.

भनपुरीचे फसवे ठिपके

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला सांगितले, की भनपुरी ते सिलतरा या पट्ट्यातले सगळे तलाव उपग्रहाच्या चित्रावरून शोधून काढ. रायपूर हे तलावांचे जुने शहर आहे. बुढा तलाव, तेलीबांधा ही नावे घराघरांत ठाऊक आहेत, आणि छत्तीसगढच्या कोणत्याही गावात तरिया, म्हणजे तळे, असायचेच. विद्यार्थी संगणकाला सांगतो, 'काळे दिसेल ते पाणी समज.' संगणक दोन मिनिटांत नकाशा काढून देतो. दिसायला नकाशा सुरेख असतो, पण त्यात तीन मोठ्या चुका होऊ शकतात.

पहिली चूक कारखान्यांच्या भोवतीची. लोखंडाच्या कारखान्याबाहेर टाकलेली मळी आणि राख, कोळशाचे ढीग, काजळी बसलेली पत्र्याची छपरे, उंच शेडींच्या सावल्या, या सगळ्याच गोष्टी चित्रात काळपट उमटतात. संगणकाच्या दृष्टीने ते तलाव! ज्या जागी पाण्याचा थेंब नाही तिथे तो निळा रंग भरून मोकळा होतो.

दुसरी चूक याच्या उलटी. ज्या तळ्यावर जलपर्णी माजली आहे, ते वरून हिरवे असते. म्हणजे उपग्रहाच्या चित्रात लाल. संगणक म्हणतो, हे शेत आहे किंवा झाडी आहे. तळे जागेवर असते, पण नकाशातून नाहीसे होते. ही चूक अधिक घातक आहे. कारण नकाशात तलाव नसला, की तो बुजवणाऱ्याचे अर्धे काम आधीच झालेले असते.

तिसरी चूक पावसाळ्यातली. छत्तीसगढला भाताचे कोठार म्हणतात. इथे पुष्कळ शेतकरी धान फोकून पेरतात आणि महिनाभराने बांधीत पाणी साठले, की त्या पाण्यातच नांगर फिरवतात. याला बियासी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये अशी शेते पाण्याने भरलेली असतात. त्या दिवसांत घेतलेल्या चित्रात मैलोन्‌मैल सरोवर पसरल्याचा भास होतो.

मग खरा तलाव ओळखायचा कसा? चांगले शिक्षक सांगतात, की एका चित्रावर विसंबू नका. एकाच जागेची वर्षातली चार चित्रे शेजारी शेजारी ठेवा. धानाचे शेत जुलैत काळे असते, सप्टेंबरमध्ये लाल होते आणि कापणीनंतर फिकट पडते. राखेचा ढीग बाराही महिने काळाच राहतो आणि पावसाने त्याचा आकार वाढत नाही. तलाव पावसाळ्यात फुगतो, मे महिन्यात आक्रसतो. जलपर्णीचे तळे उन्हाळ्यातही लाल राहते, जेव्हा आजूबाजूची शेते उघडी पडलेली असतात. एवढे करूनही शंका उरली, तर एकच उपाय: वही, पाणी आणि डोक्याला टोपी घेऊन तिथे जायचे आणि आपल्या डोळ्यांनी पाहायचे.

या शेवटच्या कामाला या शास्त्रात फार मान आहे. नकाशा तयार झाला, की त्यातल्या काही जागा निवडून त्या प्रत्यक्ष तपासतात. समजा १०० जागा पाहिल्या आणि ८२ ठिकाणी नकाशा खरा निघाला, तर तो नकाशा ८२ टक्के विश्वासाचा. हा आकडा नकाशाबरोबर द्यावा लागतो, नाहीतर जाणकार त्याला नकाशा मानत नाहीत, चित्र मानतात. उरलेल्या १८ जागा कुठे आणि का चुकल्या, हे जो सांगू शकतो, तो विद्यार्थी विषय शिकला.

पावसाळ्यातली आणखी एक अडचण ढगांची. नेमके धान उभे असताना आभाळ झाकलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याला खालचे काहीच दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह वापरतात. ते स्वतःच लहरी सोडतात आणि ढगांच्या आरपार पाहतात. भारताचा 'रिसॅट-१' २०१२ साली गेला. अमेरिकेच्या नासाबरोबर बनवलेला 'निसार' ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. तो दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परत येतो.

नकाशावर नकाशा

आता दुसरे नाव, जीआयएस. ट्रेसिंग पेपर आठवावा. एका कागदावर गावाचे रस्ते काढले, दुसऱ्यावर विहिरी, तिसऱ्यावर मातीचे प्रकार, चौथ्यावर घरे. चारही कागद एकमेकांवर बरोबर बसवले, की जे प्रश्न सुटे सुटे सुटत नव्हते ते सुटू लागतात. कोणत्या विहिरी कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत आहेत? कोणत्या वस्तीला दवाखाना सर्वांत दूर पडतो? संगणकावर हे काम करणारी व्यवस्था म्हणजे जीआयएस. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमिनीची नोंद ठेवण्यासाठी ती पहिल्यांदा उभी केली.

पण त्यामागची कल्पना संगणकाहून जुनी आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी दगावलेल्या माणसांची घरे नकाशावर खुणांनी दाखवली. खुणा एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. कॉलरा हवेतून येतो, असे समजले जात होते त्या काळातली ही गोष्ट. तरीही ध्यानात घ्यावे, की डॉ. स्नो नुसता नकाशा काढून थांबले नव्हते. ते घरोघर जाऊन पाणी कुठून आणता, हे विचारत होते. पंपापासून दूर राहणारी काही माणसे का दगावली आणि जवळचे काही का वाचले, याचा उलगडा त्या विचारपुशीतूनच झाला.

आपल्याकडेही जमीन मोजण्याची मोठी परंपरा आहे. १८०२ साली मद्रासहून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम सुरू करणारे विल्यम लॅम्बटन वीस वर्षे हे काम करत उत्तरेकडे सरकत राहिले आणि १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तिथेच आहे. आज मोबाइलवर क्षणात आपली जागा दिसते, पण ज्या चौकटीवर हिंदुस्थानचा नकाशा उभा राहिला ती अशा पायपिटीतून तयार झालेली आहे.

कायदाही हेच सांगतो

जमिनीवर जाऊन पाहा, हा आग्रह केवळ शिक्षकांचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी आणि वनात राहणाऱ्या इतर कुटुंबांना ते कसत असलेल्या जमिनीवर हक्क सांगता येतो. ही जमीन अमुक तारखेला कसली जात होती की नाही, हे पाहायला उपग्रहाची जुनी चित्रे वापरली जाऊ लागली. आता विचार करा. एकरभर मोठ्या ठिपक्यात मोहाची झाडे मध्येच राखून केलेली अर्ध्या एकराची शेती कशी दिसणार? ती रानासारखीच दिसणार. चित्रात शेत नाही म्हणून एखाद्याचा दावा फेटाळला, तर त्याची दोन पिढ्यांची मेहनत एका ठिपक्यात बुडते. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले गेले, की उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावे, त्यांच्या जागी वापरू नये.

गावठाणाच्या मोजणीतही असेच घडते. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याआधीच ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. ड्रोन उडवण्यापूर्वी गावकऱ्यांच्या समक्ष घरांच्या आणि मोकळ्या जागांच्या हद्दींवर चुना टाकतात. ड्रोनला चुन्याची रेघ दिसते. ती रेघ कुठे ओढायची हे मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी उभे राहून ठरवायचे असते. ड्रोन कितीही महाग असला, तरी भाऊबंदकी त्याला दिसत नाही.

हे सगळे ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येईल. या शास्त्रातले एकेक चित्र कोणाच्या तरी घराशी, शेताशी, पाण्याशी जोडलेले असते. संगणकापुढे बसून चुकीचा रंग भरणाऱ्याला आपण कोणाचे काय पुसले, हे कळतही नाही. म्हणून या विषयात सचोटीची किंमत हुशारीइतकीच आहे.

गावच्या मुलाचा फायदा

छत्तीसगढचा शेतकरी आपल्या मातीला चार नावांनी ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे मुरमाड, माळाची जमीन. कन्हार म्हणजे आपली काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी जमीन. मातीच्या शास्त्रीय नकाशात या चौघींना चार परदेशी नावे असतात. मोठ्या शहरातून आलेला विद्यार्थी ती नावे पाठ करतो. इथल्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा मात्र नकाशा पाहताच सांगतो, की या उंचवट्यावर कन्हार असणे शक्य नाही, इथे भाठाच असणार. ती चूक त्याच्या आजोबांनीही पकडली असती.

भनपुरीच्या कामगाराच्या मुलीला राखेचा ढीग कुठे पडतो, कोणते तळे कधी बुजले, पावसाचे पाणी कोणत्या गल्लीत तुंबते, हे ठाऊक असते. आजवर या ज्ञानाला कोणी गुण दिले नाहीत. सुदूर संवेदनाच्या अभ्यासात ते पहिल्यांदा उपयोगी पडते. आपल्या परिसराची वीस वर्षांतली चित्रे घेऊन 'आमच्या भागातली तळी' असा साधा प्रकल्प नीट केला, घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तो ताडून पाहिला, तर मुलाखतीत दाखवायला त्याहून चांगली गोष्ट नाही.

शिकायचे कुठे?

रायपूरच्या मुलाला यासाठी लगेच घर सोडावे लागत नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासून रायपुरात आहे आणि तिथल्या भूगोल विभागात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. शेतीकडे ओढा असेल, तर इंदिरा गांधी कृषी विद्यापीठही गावातच आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी एनआयटी आहे. स्थापत्य, खाणकाम, भूविज्ञान, शेती, वनशास्त्र, संगणक, यांपैकी कोणत्याही पायावर हा विषय चढवता येतो. भूगोलाचा विद्यार्थीच हवा, असे नाही. मात्र गणिताची आणि थोड्या संख्याशास्त्राची भीती नसावी.

पुढच्या टप्प्याला नागपूर जवळ आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून नागपुरात आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालयही नागपुरातच आहे, आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची विभागीय शाखाही. एखादा प्रकल्प किंवा उन्हाळी प्रशिक्षण करण्यासाठी अशा संस्थांकडे विद्यापीठामार्फत रीतसर विचारणा करावी. मुंबईच्या आयआयटीत १९७६ पासून या विषयाचे केंद्र आहे. पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्स संस्था २००४ साली सुरू झाली. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था तर १९६६ पासून, हॉलंडच्या मदतीने, हेच काम शिकवत आली आहे.

ज्यांना देहरादूनला पाठवणे परवडत नाही, त्या घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हीच देहरादूनची संस्था २००७ पासून दूरशिक्षणाने या विषयाचे अभ्यासक्रम घेते आणि त्यांतले बरेचसे विनाशुल्क असतात. नकाशे करायचे 'क्यूजीआयएस' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे दालन २००९ पासून खुले आहे. अमेरिकेच्या 'लँडसॅट' उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून मोफत झाली आहेत. म्हणजे बरा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. तेव्हा 'तीन महिन्यांत जीआयएस शिका, नोकरी नक्की' अशी जाहिरात पाहून कोणी घसघशीत फी मागितली, तर आधी चार प्रश्न विचारावेत. शिकवणार कोण? प्रत्यक्ष जमिनीवर काम किती दिवस? गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? आणि त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

नोकरीचे खरे चित्र

खाणी, वन विभाग, सिंचन, शहर नियोजन, जमिनीचे अभिलेख, पीक विमा, वीज आणि दूरसंचार कंपन्या, आपत्ती व्यवस्थापन, या सगळ्यांना नकाशे लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे तयार करण्यावरचे पुष्कळसे जुने निर्बंध उठवले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केले. त्यामुळे खासगी कंपन्यांना हे क्षेत्र अधिक मोकळे झाले. छत्तीसगढसारख्या खनिज, वन आणि धान या तिन्ही गोष्टींनी भरलेल्या राज्यात या कामाला तोटा नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही घरच्यांना ठाऊक असावी. कायम सरकारी जागा थोड्या असतात. पुष्कळसे काम ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर, कंत्राटी पद्धतीने मिळते. प्रकल्प संपला, की पुन्हा अर्ज. सुरुवातीला हैदराबाद, पुणे किंवा नोएडासारख्या ठिकाणी जावे लागू शकते, आणि तिथे दिवसभर पडद्यावर घरांच्या आणि रस्त्यांच्या रेघा गिरवण्याचे काम वाट्याला येते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हे गिरवण्याचे काम आता संगणक स्वतःच करू लागला आहे. छपरे ओळखणे, रस्ते काढणे, हे कृत्रिम बुद्धिमत्ता काही तासांत उरकते. ज्याला केवळ सॉफ्टवेअरची बटणे येतात, त्याची नोकरी सर्वांत आधी धोक्यात येईल.

ज्याची नोकरी टिकेल तो वेगळा असेल. संगणकाने काढलेल्या नकाशावर बोट ठेवून 'हे तळे नाही, हा राखेचा ढीग आहे' असे तो सांगेल, आणि का, तेही पटवून देईल. म्हणून मुलाने या विषयाबरोबर आणखी एक विषय पक्का धरावा. पाणी, माती, वन, शेती, शहर किंवा आरोग्य, कोणताही एक. सुदूर संवेदन हे हत्यार आहे. सुताराला करवत चालवता येणे आवश्यक असते, पण गिऱ्हाईक येते ते खुर्चीसाठी. थोडी प्रोग्रामिंगची भाषा शिकावी, एक पानभर अहवाल स्वच्छ इंग्रजीत आणि स्वच्छ हिंदीत लिहिता यावा, आणि पटवाऱ्याचा खसरा, आपल्याकडचा सातबारा वाचता यावा. या शेवटच्या गोष्टीकडे फार थोडे विद्यार्थी लक्ष देतात आणि नेमकी तीच कचेरीत कामी येते.

घरच्यांनी काय करावे?

मुलीच्या बाबतीत पालकांना एक काळजी असते. विषय चांगला आहे, पण रानावनात, उन्हातान्हात फिरावे लागेल त्याचे काय? फिरावे लागेल, हे खरे आहे आणि ते लपवू नये. कॉलेजचे क्षेत्रकार्य सहसा गटाने आणि शिक्षकांबरोबर होते. जाण्याची तारीख, गाव, बरोबरच्यांची नावे आणि फोन घरी लिहून ठेवावे, चांगले बूट घेऊन द्यावेत आणि मग तिला जाऊ द्यावे. 'तू संगणकावरचेच काम कर, बाहेरचे मुलांना करू दे' असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्याने तिचे नुकसान होते. जमिनीवर न गेलेली मुलगी त्या गिरवण्याच्या कामातच अडकून पडेल, आणि ते काम तर यंत्र हिसकावून घेत आहे.

मुलगा असो की मुलगी, प्रवेश घेण्याआधी घरच्या घरी एक छोटी पारख करता येते. 'भुवन'वर आपल्या मोहल्ल्याचे चित्र उघडून द्यावे आणि सांगावे, यातले तुला न ओळखता येणारे पाच ठिपके शोध आणि संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष जाऊन पाहून ये. जो कंटाळून दोन ठिपक्यांवर थांबेल, त्याच्यासाठी दुसरे पुष्कळ चांगले अभ्यासक्रम आहेत. जो पाचही पाहून येईल आणि जेवताना सहाव्याबद्दल विचारू लागेल, त्याला भूगोल घेऊ द्यायला हरकत नाही. फीचा हिशेब मग एकत्र बसून करावा.